बिनपडद्याची बेस गिटार घेताना

लालबागच्या मसाला बाजारात हळद आणि मिरचीचा व्यवहार करणारे, मूळचे सांगलीकडील एक जैन कुटुंब आहे. घरातील मुलगी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला असून मंदिराच्या भक्तिमंडळात चार वर्षे कीबोर्ड वाजवते. यंदा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तिने वडिलांपुढे मागणी ठेवली : बेस गिटार हवी, आणि तीही पडदे नसलेली. वडिलांचा पहिला प्रश्न व्यापाऱ्याला शोभेल असाच होता. "पडदेच नाहीत म्हणतेस, म्हणजे स्वस्त पडत असेल ना?"

दुकानांत चौकशी केल्यावर प्रकार उलटाच निघाला. पडद्यांची बेस समोर टांगलेली होती. बिनपडद्याची मागवावी लागणार होती, आणि तिची सांगितलेली किंमत अधिक होती. ज्या मालात काहीतरी कमी आहे त्याला जादा पैसे का मोजायचे, हा हिशेब वडिलांना पटेना. पुढे दोन महिने त्या घरात हाच विषय चालला. स्वस्तात बिनपडद्याची बेस घेऊ पाहणाऱ्या कोणत्याही घराला तो उपयोगी पडावा.

सतारीच्या दांडीवर बांधलेले धातूचे पडदे सर्वांनी पाहिलेले असतात. गिटारच्या मानेवरही तसेच पडदे ठोकलेले असतात. बोट पडद्याच्या किंचित मागे दाबले की सूर ठरलेल्या जागी मिळतो; बोट दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. पडदे काढून टाकले की तार थेट लाकडावर टेकते आणि सुराची जागा बोटाने आणि कानाने शोधावी लागते. सारंगी, सरोद आणि व्हायोलिन यांचा हाच धर्म आहे. मोबदल्यात मींड मिळते : एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकता येते.

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली, तेव्हा तिचे नावच ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक, असे ठेवले. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो हीच तिची जाहिरात होती. पुढच्या पिढीने ते पडदे उपटले. रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन यांनी 1961 मध्ये एका स्वस्त बेसचे पडदे काढले. जॅको पास्टोरियस यांनी आपल्या जुन्या फेंडर बेसचे पडदे काढून खाचा भरल्या आणि वर बोटींना लावतात तो इपॉक्सी लेप चढवला. 1976 च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेनंतर हा आवाज जगभर पोहोचला. आपल्याकडे चेन्नईचे कीथ पीटर्स यांनी ए. आर. रहमान यांच्या ध्वनिमुद्रणांत तो ऐकवला आहे. मुलीने बेस वाजवावी का, या शंकेला तर मुंबईच्याच मोहिनी डे यांनी केव्हाच उत्तर दिले आहे.

किमतीचे कोडे धोबीतलावाकडच्या एका विक्रेत्याने दोन वाक्यांत सोडवले. "शेठ, पडद्याच्या तारेला काय किंमत आहे? पण फ्रेटलेस मी मागवून ठेवली तर वर्षाला एक गिऱ्हाईक येणार, तोवर पैसा अडकला." कारखान्याचेही गणित तेच. पडद्यांच्या हजारो नगांमागे बिनपडद्याचे थोडे नग निघतात. त्यासाठी वेगळी मांडणी, वेगळी तपासणी. शिवाय पडदे असले की मानेवरच्या पट्टीतील बारीक उंचसखलपणा झाकला जातो. पडदे नसतील तर पट्टी स्वतःच काटेकोर सपाट असावी लागते. बाजारात हळू फिरणारा माल महाग का, हे हळदीच्या व्यापाऱ्याला अधिक समजावून सांगावे लागले नाही.

धोबीतलाव, काळबादेवी, गिरगाव हा पट्टा वाद्यांसाठी जुना आहे. 1865 पासून चालत आलेले फुर्ताडोज धोबीतलावालाच आहे. गोव्याहून आलेले वादक याच भागातील कुडांत, म्हणजे गावोगावच्या मंडळींच्या सामायिक निवासांत उतरत, आणि त्यांतील पुष्कळांनी पुढे हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील बेसवादक टोनी वाझ हे त्यांतलेच एक नाव. ऑपेरा हाऊसजवळ प्रा. बी. आर. देवधर यांच्या संगीतशाळेत कुमार गंधर्व शिकले. दादरला हरिभाऊ विश्वनाथ यांच्या पेट्या. गिऱ्हाईकाने एक दिवस काढून हा पट्टा पायी फिरावा. घ्यायचे काही नसले तरी कान तयार होतात.

मुलीने दरम्यान परदेशातील भाव काढले. जर्मनीतील थोमान या मोठ्या दुकानाचा ‘हार्ले बेंटन’ हा स्वतःचा शिक्का आहे. त्यात बिनपडद्याच्या बेस मिळतात आणि छापील किंमत मोहात पाडणारी असते. पण ती किंमत तेथील गिऱ्हाइकासाठी. येथे मागवल्यास किंमत, भाडे आणि विमा यांच्या बेरजेवर सीमाशुल्क, आणि त्या सगळ्यावर पुन्हा जीएसटी. मान वाकडी निघाली तर परत पाठवण्याचे भाडे वेगळे. हात न लावता वाद्य घेणे म्हणजे नमुना न पाहता पोती उतरवून घेणे. स्क्वायर आणि आयबानेझ यांच्या बिनपडद्याच्या बेस चांगल्या असतात, परंतु त्या घराने ठरवलेल्या 40,000 रुपयांत वाद्य, अँप्लिफायर, तारा आणि शिकवणी हे सगळे बसवायचे होते. एकट्या वाद्यावर सर्व रक्कम घालवून ते मुके ठेवण्यात अर्थ नव्हता. विजेवरची बेस अँप्लिफायरशिवाय जवळजवळ मुकीच असते, हे पुष्कळ पालकांना खरेदी झाल्यावर कळते.

वडिलांनी एक युक्ती सुचवली : दुकानाच्या नावे बिल घ्यावे आणि 18 टक्के जीएसटीची वजावट मिळवावी. त्यांच्या सनदी लेखापालाने ती तिथेच खोडली. घरगुती वापराच्या वस्तूवर अशी वजावट जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे मिळत नाही. गंमत अशी, की हाताने बनवलेल्या भारतीय वाद्यांची जी यादी शासनाने केली आहे तिच्यावर कर शून्य आहे. तंबोऱ्याला कर नाही, गिटारला आहे.

तंबोरा त्या घरात होताच. आजी माहेरहून आणलेला मिरजेचा तंबोरा भिंतीशी उभा असतो. मिरजेच्या शिकलगार कारागिरांची ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. शस्त्रे घडवणाऱ्या हातांनी वाद्ये घडवायला घेतली, पंढरपूरकडचे भोपळे आणले, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आजी पांढरी पाचमध्ये स्तवने गाते. तिने नातीच्या मागणीवर फारसे मत दिले नाही, एवढेच विचारले, "त्यात चामडं, आतडं कुठं आहे का गं?"

प्रश्न योग्य होता. तबला-पखवाजाला कातडे लागते. सारंगीला कातडे आणि आतड्याच्या तारा, दोन्ही. सरोदच्या तोंडावर कातडे असते. व्हायोलिनच्या गजाला घोड्याचे केस. बेस गिटारच्या तारा पोलाद आणि निकेल यांच्या. वरच्या टोकाला जिच्या खाचांतून तारा जातात ती ‘नट’ नावाची पट्टी महागड्या वाद्यांत कधीकधी हाडाची असते. स्वस्त वाद्यांत बहुधा प्लास्टिकची. मानेवरचे पांढरे ठिपके शिंपल्याचे की प्लास्टिकचे, हेही विचारून घ्यावे. खांद्यावरचा पट्टा चामड्याऐवजी नायलॉनचा मिळतो. एरवी ‘स्वस्त’ हा शब्द वाद्याच्या बाबतीत कमीपणाचा, येथे मात्र तो आजीच्या बाजूने होता. तंबोरा घेतानाही तिच्या वडिलांनी घोडी हाडाची नको, शिसवीचीच हवी, असे सांगून घेतली होती.

त्या तंबोऱ्यानेच पुढे निवड सोपी केली. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार कंपताना त्या उतारावर हलकेच घासते, खाली दोरा सरकवून ती जागा साधतात, आणि सूर फुलासारखा उमलतो. यालाच जवारी म्हणतात. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात याच घोडीचा विचार केला होता. बिनपडद्याच्या बेसचा जो लांब, गुंजणारा आवाज असतो त्याचे कारणही याच जातीचे आहे : बोटाच्या पुढे तार लाकडी पट्टीला जेमतेम घासत कंपते. पट्टी सपाट आणि कठीण असेल, तार योग्य उंचीवर असेल, तर तो आवाज निघतो. नसेल तर कितीही नामांकित शिक्का असो, ठोकळ्यासारखा आवाज येतो. म्हणून या खरेदीत पैसा मोजायचा तो मानेचा, पट्टीचा आणि जुळवणीचा. रंग, चकाकी आणि शिक्का मागाहून.

एवढे कळल्यावर जुन्या बेसचा विचार पुढे आला. परळच्या एका वादकाकडे जपानी कंपनीची, इंडोनेशियात बनलेली, साधी चार तारांची पडद्यांची बेस विकाऊ होती. मागणी 18,000 रुपयांची, सौदा 15,000 ला तुटला. पडदे झिजलेले म्हणून भाव उतरला होता, आणि येथे तर पडदे काढूनच टाकायचे होते. व्यापारी घराला सौदा आवडण्याचे खरे कारण हेच असावे.

पाहणीत त्यांनी घाई केली नाही, हे चांगले झाले. आधी मान डोळ्याजवळ धरून बंदुकीच्या नळीसारखी न्याहाळली. पीळ असेल तर तेथेच थांबायचे, कारण वाक दुरुस्त होतो, पीळ सहसा होत नाही. मानेच्या पोटात पोलादी गज असतो. त्याचा नट षट्कोनी किल्लीने फिरतो की गंजून बसला आहे, हे पाहिले. तार दोन्ही टोकांना दाबून मधल्या फटीत पातळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकते ना, हे तपासले. मग अँप्लिफायरला जोडून प्रत्येक तारेवर एकेक स्वर सावकाश वाजवला; कोठे सूर लवकर मरतो का, बटणे फिरवताना खरखर येते का. शेवटी खांद्यावर अडकवून दहा मिनिटे उभे राहायला लावले. चार किलोंच्या आसपासचे वजन बसून कळत नाही.

पट्टीचे लाकूड शिसवीचे होते. 2017 च्या जानेवारीपासून शिसव जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले, तेव्हा पुष्कळ कंपन्या लॉरेलसारख्या लाकडाकडे वळल्या. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. लाकडाच्या नावावरून भाव ठरवू नये. कठीण आहे की मऊ, एवढेच पाहावे.

पडदे काढणे हे घरी स्क्रू-ड्रायव्हरने करण्याचे काम नव्हे. कारागीर पडदा इस्त्रीगत तापवतो, मग सपाट तोंडाच्या पकडीने हळू उचलतो. घाई केली की काठाच्या ढलप्या निघतात. रिकाम्या खाचांत पातळ पट्ट्या चिकटवून भरतात, पट्टी सरळ ठोकळ्यावर घासून एकसारखी करतात आणि वरून कठीण लेप देतात. पडद्यांची उंची गेल्याने वरच्या नटच्या खाचाही खोल कराव्या लागतात. ही शेवटची गोष्ट विसरली तर तारा उंच राहतात, बोटे दुखतात, आणि दोष विद्यार्थ्याच्या माथी येतो.

खाचा गडद लाकडाने भरून पट्टी कोरी दिसावी, अशी मुलीची इच्छा होती. कारागिराने पांढऱ्या पट्ट्या भरायचा आग्रह धरला आणि कारणही दिले. पडद्यांच्या बेसला मानेच्या कडेवर जे खुणेचे ठिपके असतात ते दोन पडद्यांच्या मधोमध असतात, कारण तेथे बोट मध्ये टेकायचे असते. पडदे गेल्यावर सूर पडद्याच्या जागेवर येतो, ठिपक्यावर नाही. रेघा नसतील तर ते ठिपके नवशिक्याला रोज फसवतील. रेघा ठेवाव्यात, हेच बरोबर आहे. कोऱ्या पट्टीचा डौल पुढे केव्हाही मिळवता येतो.

चुकीची किंमत किती, हेही मोजता येते. साध्या बेसची तार 34 इंच, म्हणजे सुमारे 864 मिलिमीटर कंपते. वरच्या टोकाला पहिल्या अर्ध्या स्वराचे अंतर जवळजवळ 48 मिलिमीटर, तर सप्तकाच्या मध्यबिंदूजवळ तेच अंतर 26 मिलिमीटरच्या आत येते. अर्ध्या स्वराचे शंभर भाग मानले, तर पहिल्या पडद्याच्या जागी 3 मिलिमीटर चुकल्यास सूर सुमारे 6 भागांनी ढळतो, आणि सप्तकाजवळ तितक्याच चुकीने 12 भागांनी. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 भागांनी चढा असतो. पेटीच्या याच ठरीव सुरांवर आक्षेप घेऊन आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दूर ठेवले होते. बंदी अतिरेकी होती; आक्षेपात तथ्य होते.

घरातील वहीत नोंद झाली ती अशी : बेस 15,000, पडदे काढणे, लेप आणि जुळवणी 6,500, तारा 4,200, सरावापुरता बेसचा छोटा अँप्लिफायर 8,000, पिशवी, पट्टा आणि ट्यूनर मिळून 1,600. एकूण 35,300. उरलेल्या 4,700 रुपयांत शिक्षकांचे पहिले काही तास. तारांवर इतका खर्च का, असे वडिलांनी विचारले. नेहमीच्या तारांवर गोल सळीचे वेटोळे असते, ते कानशीसारखे लाकूड खाते. फ्लॅटवाउंड तारांवर सपाट पट्टी गुंडाळलेली असते. त्या महाग असतात, पण पट्टी वाचवतात आणि वर्षानुवर्षे चालतात. पुनर्विक्रीचा विचार मात्र मनातून काढावा. बिनपडद्याच्या बेसला गिऱ्हाईक थोडे, म्हणून विकताना भाव पडतो. घेणाऱ्याला तोच फायद्याचा.

सरावाची पद्धत आजीमुळे ठरली. पांढरी पाचच्या तंबोऱ्याची खर्जाची तार 98 हर्ट्झवर बोलते, आणि बेसची सर्वांत बारीक तार मोकळी वाजवली की नेमका तोच सूर देते. तंबोरा जेथे थांबतो तेथून बेस खाली उतरू लागते, थेट 41 हर्ट्झपर्यंत. संध्याकाळी आजी तंबोरा छेडते आणि नात बेसवर षड्ज-पंचम धरते. दोन सूर जवळ येऊनही न जुळले तर लाटांसारखे हेलकावे ऐकू येतात. हेलकावे संथ होत थांबले की सूर लागला. ट्यूनरच्या काट्यापेक्षा ही रीत कानाला लवकर तयार करते. खर्जाचा आवाज भिंतींतून शेजारी जातो, म्हणून एरवीचा सराव हेडफोन लावून. आजीच्या सामायिकाच्या वेळी तर वाद्य पिशवीतच.

जुलैत सूर बिघडू लागले. मुलीला वाटले, आपलाच कान उतरला. मुंबईच्या दमट हवेत मानेचे लाकूड फुगते, वाक बदलतो, तार पट्टीपासून दूर जाते किंवा नको तेथे घासते. कारागिराने गज पाव फेरा फिरवला, अर्धा दिवस तसेच ठेवले आणि पुन्हा पाहिले; एकदम अधिक फिरवला तर गज तुटतो. वडिलांनी मालाच्या खोक्यांतील सिलिका जेलच्या पुड्या पिशवीत टाकल्या. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, एवढेच मुलीकडे.

दशलक्षण पर्वातील भक्तिसंध्येला तिने दोन स्तवनांना साथ केली. दुसऱ्या स्तवनात मध्यमावरून गंधारावर येताना बोट जरा आधी थांबले. घरी आल्यावर आजीने तेवढीच जागा गाऊन दाखवली. नातीने पिशवी पुन्हा उघडली, आणि वडील वहीत ऑक्टोबरच्या जुळवणीसाठी 800 रुपयांची नोंद करीत बसले.